गिऱ्हाइकाने वास स्वतः घ्यावा

गफूरचाचा गिऱ्हाइकाला आधी नाही म्हणायचे. त्याला काय हवं आहे, हे पुरतं ऐकून घेण्याच्याही आधी.

"चाचा, रोशाचं तेल..."

"नाही. कुणासाठी?"

"आईसाठी."

"आई कुठाय?"

"घरी."

"गुडघा आईचा आणि बोलतो तू? वाटीवर दुखतं का मागच्या शिरेला? उठताना दुखतं का बसताना? नई मालूम ना? जाव, पूछ के आव."

माणूस निमूट परत जायचा, विचारून यायचा. काही जण परत यायचे नाहीत. त्यांच्याबद्दल चाचांना कधी हळहळ वाटलेली मी पाहिली नाही. "ज्याला विचारायचा कंटाळा, तो लावताना काय लक्ष देणार?" एवढं म्हणून ते पुढच्याला नाही म्हणायला मोकळे व्हायचे.

त्यांचं दुकान विजापूर वेशीच्या अलीकडच्या एका गल्लीत आहे. दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. मागच्या भिंतीला लाकडी मांडणी, तिच्यावर काचेच्या बुचाच्या बाटल्या: वाळा, निलगिरी, लवंग, काही अत्तरं. ही सगळी हाताला न येणाऱ्या उंचीवर. हाताशी, गल्ल्याच्या बाजूला, पत्र्याच्या डब्यात रोशाचं तेल. दुकान चालायचं ते याच्यावर. मी त्या वेळी एका स्थानिक दैनिकात होतो. कचेरीचा रस्ता त्या गल्लीतून जायचा, त्यामुळे चाचांचं ओरडणं माझ्या रोजच्या वाटेवरचं होतं.

रोशा हे माळावर आणि डोंगरउतारावर उगवणारं गवत. फुलोऱ्यावर आलं की कापतात, भट्टीवर चढवतात आणि वाफेबरोबर त्याचं तेल काढतात. चाचांच्या वडिलांपासून हे तेल खानदेशातल्या एका भट्टीवरून यायचं. शहराच्या पूर्व भागातले माग चालवणारे कामगार ते गुडघ्यांना आणि खांद्यांना चोळायचे. रंगखान्यात दिवसभर ओल्यात उभे राहणारे पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांना लावायचे. बायका मुलींच्या डोक्यातल्या उवांसाठी न्यायच्या. चिंधीवर दोन थेंब टाकून ती अंथरुणाच्या कडेला ठेवली की डास कमी येतात, असं सांगणारे पुष्कळ होते. नुसतं तेल मात्र कुणालाही मिळायचं नाही. चाचा समोर बसवून तिळाच्या तेलात ते थेंबाथेंबानं मिसळायचे, बाटली तळहातावर घोळवायचे आणि मग बजावायचे: जखमेवर नाही, डोळ्याजवळ नाही, पोटुशीला नाही, तान्ह्याला नाही, आणि लावल्यावर शेक घ्यायचा नाही.

एकदा एका तरुणानं मोबाइल पुढे केला. त्यातली बाई रोशाचे थेंब कोमट पाण्यातून पीत होती. चाचांनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, मोबाइल पुसून परत दिला आणि म्हणाले, "हिला सांग, गाडीत पेट्रोल घालतात, ते पण वनस्पतीपासूनच झालं होतं कधी तरी. पी म्हणावं." त्या तरुणाला पुन्हा दुकानात पाय ठेवू दिला नाही.

सांगोल्याकडचा एक मेंढपाळ यायचा. त्याची आणि चाचांची पहिली भेट मी पायरीवर उभा राहून ऐकली आहे.

"मेंढराला कुत्र्यानं धरलं वो. जखमेवर माशी बसतीया. रोशा द्या."

"किडे पडलेत का?"

"पडलं असत्याल की."

"असत्याल म्हणजे? बघितलं नाहीस? माशी बसू नये म्हणून हे तेल. पडलेले किडे याच्यानं जात नाहीत. जनावराच्या डॉक्टरकडं जा."

"डाक्टर तितं कुटं येतोय? आमी फोन करून दमलो. हितं तुमी तरी हाय."

यावर चाचा उभे राहिले. न आलेल्या डॉक्टरवर ओरडले, कुत्र्यावर ओरडले, मेंढीला मोकळी सोडणाऱ्यावर ओरडले. ओरडताना हात चालूच होते. तेल मिसळून झालं. "जखमेच्या भोवती लावायचं, जखमेत नाही. आणि डॉक्टर आणायचाच. आणला नाहीस तर मला तोंड दाखवू नको."

"लई तापट हायसा वो तुमी."

"मेंढी बोलती क्या? तिच्या वतीनं कुणी ओरडायचं मग?"

चाचांच्या रागाबद्दल गल्लीत विनोद चालायचे. समोरचा शिंपी म्हणायचा, चाचांचं तेल लावायची गरजच नाही, नुसतं दुकानासमोरून गेलं तरी अंग शेकून निघतं. मला वाटतं, लोक त्या रागाची मजा घेत होते आणि त्यावर विसंबूनही होते. जो माणूस विकायला इतका नाखूश आहे, तो फसवणार नाही, असा साधा हिशेब त्यात होता. पुढे जे झालं, ते या हिशेबामुळे झालं.

वासाच्या बाबतीत त्यांचा एकच नियम होता. बाटलीचं बूच गिऱ्हाइकाच्या नाकाखाली धरायचं आणि म्हणायचं, "बोला." गिऱ्हाईक "छान" म्हणालं की संपलं.

"छान? छान हा वास असतो? साडी छान असते, हवा छान असते. हा कशाचा वास आहे ते सांगा."

मलाही त्यांनी असंच पकडलं होतं. मी "मस्त आहे" म्हणालो, तेव्हा बूच मागे घेऊन त्यांनी विचारलं, "तुमच्या पेपरात आग लागल्याची बातमी कशी लिहिता? मस्त आग लागली, अशी?" मग स्वतः सांगितलं. आधी गुलाब, पण ताजा नाही, सुकत आलेला. त्याच्यामागे कापलेलं गवत. फार वेळानं, बूच बाजूला नेल्यावर, लिंबाच्या सालीसारखं काही तरी. हा मोतिया, रोशातला चांगला. दुसरी जात सोफिया. तिचं गवत दिसायला जवळपास तसंच, पण तेलाला आल्याचा वास. "मोतिया बात करती, सोफिया चिल्लाती," असं ते म्हणायचे. आलेल्या डब्यात सोफिया थोडीशी जरी मिसळली असेल, तरी झाकण उघडताच ते डबा पायानं पुढे सरकवायचे. तपासायला त्यांना दुसरं काही लागत नसे.

चाचांवर उलट ओरडणारं गिऱ्हाईक मी एकच पाहिलं. नरसम्मा. घरी तेलुगू बोलणारी, पूर्व भागात राहणारी, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरणारी. उजवा खांदा कायमचा धरलेला. तरुणपणापासून ती हे तेल लावत आली होती.

"चाचा, तेल द्या, भाषण नको."

"भाषणाशिवाय तेल मिळत नाही. वास बोल."

"गवत. गुलाब. बस."

"और?"

"और काय नाय. असतं तर सांगितलं असतं की! मी काय तुमच्याकडं बोलायचं काम शिकायला आलेय का वो?"

ती गेली की चाचा कुणाकडे न बघता म्हणायचे, "नाक है उसकू." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक मी ऐकलं नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत चाचा आजारी पडले आणि उठले. दुकान उघडलं तेव्हा ते बारीक झाले होते, आवाज मात्र वाढला होता. काही सवयी बदलल्या होत्या. बूच गिऱ्हाइकाच्या नाकाखाली धरणं बंद झालं. "बोला" बंद झालं. कुणी आपणहून वास घेऊ लागलं तर ते खेकसायचे, "तेल घ्यायला आलात का फुलं हुंगायला?" नवा डबा आला की स्वतः बूच नाकाशी नेत, पण लगेच खाली घेत. आणि मग एक नवीनच गोष्ट करत. पांढऱ्या कागदाच्या पट्टीवर तेलाचा थेंब टाकत आणि पट्टी मांडणीला टोचून ठेवत. शुद्ध तेल उडून जातं, कागद कोरा राहतो. शेंगदाण्याचं किंवा खोबऱ्याचं तेल मिसळलेलं असेल तर तेलकट डाग राहतो. अशा कोऱ्या पट्ट्या त्या मांडणीवर ओळीनं दिसू लागल्या. लोकांना ते आवडलं. चाचा आता शास्त्रीय पद्धतीनं तपासतात, असं शिंपी मला म्हणाला.

चाचांना वास येत नव्हता. आजारात गेला तो परत आलाच नव्हता. हे त्यांच्या बायकोनं, रजियाचाचींनी, मला सगळं उघड झाल्यावर सांगितलं. दुकान उघडलं त्या पहिल्या दिवशी त्यांनी एकेक बाटली खाली काढली, वास घेतला, बूच धुऊन पुसून पुन्हा वास घेतला. दोष बुचाचा आहे, असं त्यांना वाटत असावं. मग सगळ्या बाटल्या जागेवर ठेवल्या आणि घरी येऊन जेवण करपलं म्हणून चाचींवर ओरडले. जेवण करपलं नव्हतं. पुढे एकदा खरंच करपलं, धूर होईपर्यंत करपलं, तेव्हा ते शेजारीच बसून होते. चाची काय ते समजल्या. बाहेर बोलायची त्यांना मनाई होती. "डॉक्टर के पास चलो बोली तो मेरे अंग पे आए," त्या म्हणाल्या.

आणखी एका माणसाला हे कळलं. खानदेशातला जुना भट्टीवाला वारला होता. त्याचा मुलगा इक्बाल आता डबे घेऊन यायचा. मुलगा गोड बोलणारा, चाचांच्या पाया पडणारा. एका फेरीत त्यानं दुसऱ्या दुकानासाठी आणलेला सोफियाचा डबा चुकून उघडला. चाचांनी वास घेतला आणि मान डोलावली, "मोतिया है." जेवणाचा डबा घेऊन आलेल्या चाची दारात उभ्या होत्या. आल्याचा वास त्यांच्यापर्यंत आला होता. इक्बालनं काहीही न बोलता डब्याचं झाकण लावलं. "उसने मेरी तरफ देखा," चाची म्हणाल्या, "और हँसा."

त्यानंतर येणाऱ्या डब्यांत काय असायचं, ते नरसम्माच्या खांद्यानं सांगितलं.

ती आली तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, पायरीवर मी होतो. तिनं बाटली गल्ल्यावर आपटली आणि खांद्यावरचा पदर बाजूला केला. कातडी लाल होऊन सोलपटली होती. कडेला फोड होते.

"हे काय दिलं वो चाचा? अय्यो, आग आग झाली जिवाची. हात वर जात नाय, कामावर जाता येत नाय!"

"शेकलं असशील तू. गरम फडकं ठेवलं असशील."

"मला शिकवू नका! इतकी वर्षं लावते मी. कधी शेकलं नाय. वास घ्या. घ्या की वास, बघा काय दिलंय ते!"

चाचांनी बूच काढलं, नाकाशी नेलं. "मोतिया आहे."

नरसम्मानं बूच ओढून घेऊन स्वतः हुंगलं. मग तिचा आवाज खाली आला, पण राग गेला नव्हता.

"चाचा, रंगाच्या डब्याचा वास येतोय याला. आमच्या कारखान्याचं गेट रंगवलं तेव्हा रंगारी ब्रश धूत होता, तोच वास. यात गुलाब कुठाय? गवत कुठाय?"

टर्पेंटाइन. ते रोशाच्या तेलासारखंच उडून जातं आणि कागदावर डाग ठेवत नाही. मांडणीवर टोचलेल्या सगळ्या पट्ट्या कोऱ्या होत्या आणि त्यांतल्या एकीनंही काही सिद्ध केलं नव्हतं. चाचांच्या हे लक्षात आलेलं मला दिसलं. ते पट्ट्यांकडे वळले, एकेक उपटून मुठीत घेतली आणि म्हणाले, "जा तू. डॉक्टरला दाखव. जा."

मी समोरच्या शिंप्याला विचारलं, तुम्हाला कधी वेगळा वास आला होता का? तो म्हणाला, "आला होता की. गल्लीत सगळ्यांनाच यायचा. पण चाचांना कोण सांगणार? ओरडतात ना." हे त्यानं हसत सांगितलं. शेजारचा चहावाला म्हणाला, त्याला वाटलं चाचा आता रंगाचं सामानही ठेवतात. एक अख्खी गल्ली ते तेल अंगाला लावणाऱ्यांना रोज बघत होती आणि गप्प होती. ओरडणाऱ्या माणसाला घाबरून गप्प बसलो, असं सांगणं सोयीचं असतं. त्यांना कुणाची भीती नव्हती. खांदा आपला नव्हता, एवढंच.

पुढच्या फेरीला इक्बाल येणार होता, त्या दिवशी चाचांनी मला निरोप पाठवला. मी गेलो तेव्हा म्हणाले, "लिखना नई. सिर्फ सुनना." नरसम्माही आली होती, खांद्यावर पट्टी बांधून. इक्बाल नेहमीसारखा पाया पडला. चाचांनी पाय मागे घेतले.

"टर्पेंटाइन किती घालतोस?"

इक्बाल गडबडला नाही. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग नरसम्माच्या पट्टीकडे.

"चाचा, माल तुम्ही पास केला. हर बार. बास लिए, बोले बढिया है. मी कधी म्हटलं का, बघू नका म्हणून? आता कुणाच्या अंगाला काय झालं तर माझ्यावर?"

त्यानं आणलेल्या डब्याकडे चाचांनी बोट केलं.

"हा डबा मी परत नेतो," इक्बाल हळू आवाजात म्हणाला. "दुसरा पाठवतो, असली. बात यहीं खतम. बाहेर गेली तर माझं काय जातं? मी खानदेशात. लोक तुमच्याकडून नेत होते. तुम्हारे भरोसे पे."

नरसम्मा उसळली. "ए, तुझ्या बापानं असं केलं होतं का रे कधी? लाज आहे का?" चाचांनी तिला हातानं थांबवलं.

इक्बालचं बोलणं बिनतोड होतं. चाचांना त्याच्यावर आरोप करायचा, तर आपल्याला वास येत नाही हे आधी सांगावं लागणार होतं. आणि ते सांगितल्यावर दुकानात उरणार काय होतं? मांडणी, बाटल्या आणि एक चिडका म्हातारा. गप्प राहिले, तर नाव राहत होतं. नरसम्माची चूक झाली, तिनं शेकलं, एवढं म्हटलं असतं तरी गल्लीनं मानलं असतं.

चाचा उठले, आम्हाला बाजूला सारून पायरीवर गेले आणि ज्या आवाजात ते गिऱ्हाइकांना घालवायचे, त्याच आवाजात ओरडले.

"ऐका! मला वास येत नाही. कोरोनापासून मेरेकू कुछ बास नई आती. याच्या डब्यांतून खोटं तेल आलं, आणि ते मी विकलं. ज्यानं नेलं त्यानं बाटली परत आणा. लावू नका. सुना क्या? लावू नका!"

शिंप्याची मशीन थांबली. चहावाल्याच्या टपरीवर कुणी तरी हसलं. चाचा त्याच्याकडे वळले. "हँस. तेरी माँ बी यहींच से तेल लेती." हसू थांबलं.

इक्बाल डबा उचलायला वाकला, तेव्हा चाचांनी त्यावर पाय ठेवला. "हा राहू दे इथं."

लोक बाटल्या परत आणून देतील, असं त्यांना वाटलं होतं. फारच थोड्यांनी आणल्या. म्हणून ते स्वतः निघाले. पूर्व भागात घरोघरी गेले. पाळी सुटायच्या वेळी एमआयडीसीच्या फाटकाशी उभे राहिले, सोबत नरसम्मा. सायकली आणि मोटारसायकली अडवून ते विचारायचे, "रोशा नेलं होतं? परत दे." कुणी शिव्या दिल्या. त्या चाचांनी ऐकून घेतल्या. त्यांना सहन झालं नाही ते दुसरंच. एक कामगार बाटली द्यायला तयार नव्हता.

"नाय देणार. आधीच्या तेलापेक्षा हेच लई भारी हाय. लावलं की कसं झणझणतं!"

"जळतंय ते, बाबा! त्यात रंगाचं तेल आहे!"

"जळतं म्हंजे लागू पडतंय की. थंड तेलानं कुटं गुण येतो?"

असं म्हणणारा तो एकटा नव्हता. एका बाईनं बाटली पदराआड धरली आणि सांगितलं, आधी उलट तुम्हीच फसवत होता, तेव्हाच्या तेलानं काही झणझणायचं नाही. चाचा रस्त्याच्या मधोमध उभे राहून किंचाळले, "जळतं ते औषध, हे कुणी शिकवलं तुम्हाला? कुणी?" नरसम्मानं त्या बाईसमोर पट्टी सोडून खांदा उघडा केला, तेव्हा बाटली मिळाली. बाकीच्या काही मिळाल्या, काही नाही.

जमलेलं तेल चाचांनी फेकलं नाही. "गटारात ओतू? गटाराचा काय गुन्हा?" ते इक्बालच्या एका रिकाम्या डब्यात गेलं. त्याचा नमुना एका सरकारी कचेरीत द्यावा, असं मी सुचवलं आणि त्यांच्याबरोबर गेलोही. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. हे खाण्याचं तेल आहे का? नाही. औषध म्हणून परवाना आहे का? नाही, सुटं आहे. मग आमच्या कक्षेत येत नाही. दुसऱ्या कचेरीत विचारा. दुसऱ्या कचेरीनं पहिल्या कचेरीचं नाव सांगितलं. चाचांनी डबा काखेत घेतला आणि जिना उतरताना फक्त एवढंच म्हणाले, "चमडी किसके कक्षे में आती, पूछो ना उनकू."

इक्बाल खानदेशात आहे आणि त्याचं बरं चाललं आहे. त्याचं तेल आता गडद रंगाच्या लहान बाटल्यांतून मोबाइलवर मिळतं. बाटलीवर भट्टीचं चित्र आहे, वडिलांचा फोटो आहे आणि पिढीजात शुद्धतेबद्दल दोन ओळी आहेत. खाली लोकांच्या पसंतीचे शेरे आहेत. लावताच झणझणतं, असं पुष्कळांनी लिहिलं आहे.

चाचांनी दुकान बंद केलं नाही. दुसऱ्या एका भट्टीवरून तेल मागवायला सुरुवात केली आणि एका पेंटरकडून पाटी करून घेतली. पाटीवर मराठीत आणि उर्दूत लिहिलं आहे: दुकानदाराला वास येत नाही. गिऱ्हाइकाने वास स्वतः घ्यावा. रजियाचाची म्हणाल्या, अशी पाटी लावून जगात कुणी दुकान चालवलंय का? पेंटरनंही दोनदा विचारलं, नक्की हेच लिहायचं ना? चाचांनी त्याला हाकलून दिलं आणि शेवटची ओळ स्वतः रंगवली. ती थोडी वाकडी आहे.

गिऱ्हाइकं कमी झाली. आली त्यांना "बोला" पुन्हा सुरू झालं, पण आता चाचा स्वतः काहीच सांगत नाहीत. ते फक्त "और?" विचारतात. गिऱ्हाईक एक वास सांगतं, ते म्हणतात, और? दुसरा सांगतं, और? बहुतेकांना वाटतं, म्हाताऱ्याला ऐकायची भूक आहे, बरं वाटू दे. मग ते पुढे पुढे सांगत जातात.

गेल्या महिन्यात मी त्या गल्लीतून गेलो. नोकरी सुटल्यापासून तिकडे जाणं कमी झालं आहे. पायरीवर नरसम्मा बसली होती, सुट्टीचा दिवस असावा. आत इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ नाकाशी बूच धरून डोळे मिटून उभे होते.

"गुलाब," ते म्हणाले.

"और?"

"गवतासारखं."

"और?"

"थोडं लिंबू?"

"और?"

"आणि... केवडा. हो, केवडा आहे. जरा चंदनही."

चाचांनी बूच त्यांच्या हातातून काढून घेतलं. "केवडा? चंदन? इस दुकान में चंदन हैच नई. मला खूश करायला आलात? असंच बढिया बढिया म्हणून मी लोकांची कातडी सोलली. उतरा खाली."

गृहस्थ लाल होऊन निघून गेले. खाली नवा डबा होता, अजून न उघडलेला. त्यांनी झाकण काढलं आणि डबा नरसम्माच्या पुढे सरकवला. ती वाकली. बरी झालेली कातडी तिच्या गळ्याशी अजून वेगळ्या रंगाची दिसत होती. तिनं वास घेतला, मान वर केली, पुन्हा घेतला.

"गवत. गुलाब."

"और?"

"बस."

"और?"

"बस म्हटलं नव्हं? किती वेळा सांगू वो? आनी काय नाय त्यात!"

चाचांनी झाकण लावलं आणि डबा गल्ल्याच्या आतल्या बाजूला, हाताशी, ओढून घेतला.